इतिवृत्त, विषय क्रमांक सात

इन्व्हरकार्न नगरसभेचं इतिवृत्त मी लिहिते.
एकोणीस वर्षं झाली. कोण काय म्हणालं, एवढंच;
कसं म्हणालं, ते लिहायचं नसतं.

विषय सात : कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा फंड
तेल, वायू आणि कोळशाच्या कंपन्यांतून काढून घेण्याबाबत.
सूचक, शोना बिरेल. अनुमोदक, तिच्या शेजारचा तो तरुण,
गेल्या खेपेला ज्यानं विरोधात हात वर केला होता.
(खेपेचं मी लिहिलं नाही.)

शोना आकडे वाचत गेली. चौदा कोटी पौंड.
त्यात रस्ते झाडणाऱ्यांचं कापलेलं,
शाळेत सूप वाढणाऱ्या बायांचं, ग्रंथालयातल्या डेव्हिनाचं,
माझंही.
दर महिन्याला माझ्या पगारातले बावन्न पौंड
मला न विचारता समुद्रात उतरायचे,
तळ खरवडायचे,
आणि माझ्या म्हातारपणासाठी थोडं थोडं काळं वर आणायचे.
मी तर आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही.
मला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मळमळतं.

परतावा घटू शकतो, खजिनदार म्हणाले.
तेलही जाईल, तूपही जाईल, मागून कुणीतरी.
धुपाटण्याचं नाव निघायच्या आत अध्यक्षांनी हातोडी आपटली.

मग नागरिकांची तीन मिनिटं.
मॅग्नस लीस्क उभा राहिला. वय एकाहत्तर,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
टोपी काढली, कुठे ठेवावी कळेना, तशीच धरून राहिला.
कागद आणला होता, उघडला नाही.

'अठ्ठावीस हिवाळे काढले मी रिगवर.
हे वरचं छप्पर आहे ना, ते तेलाचं.
पोहायचा तलाव तेलाचा. माझ्या मुलीची सनई शिकवणी,
तीही तेलाची.
खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.'

थांबला. टोपी एकदा फिरवली.

'पण मीठ आता माझ्या तळघरात येतंय.
हार्बर स्ट्रीटला या कधी, भिंतीला जीभ लावून बघा.
तीन हिवाळे झाले, समुद्र पायऱ्या मोजत वर येतो.
आणि मी पायऱ्या मोजत खाली जातो,
बादली घेऊन.
आता कुठल्या मिठाला जागू, तेवढं…'

घंटा झाली. वेळ संपली.
तो कुणाच्या बाजूनं बोलला, शेवटपर्यंत कळलं नाही.
मी लिहिलं : श्री. लीस्क यांनी मत मांडलं.

बाजूनं हात, बारा.
विरोधात नऊ. तटस्थ एक, फियोना गॉल्ट,
जिचा नवरा त्या घटकेला साठ मैल आत, रात्रपाळीवर होता.
तिनं हात टेबलाखाली ठेवले, दोन्ही,
जणू ते तिचं ऐकणार नव्हते.
टाळी एकच वाजली, तीही अर्धी,
सगळे बसायच्या आधी कुणी चुकून घास घ्यावा तशी.

विषय आठ : सभागृहाच्या गॅस बॉयलरची दुरुस्ती.
अकरा हजार पौंड. चर्चा नाही. एकमतानं मंजूर.
अध्यक्ष म्हणाले, सध्या चालेल तसा चालवून बघा.
नळ्या ठकठकल्या. ऊब आली.
आम्ही सगळ्यांनी कोट काढले,
शोनानंही.

बाहेर अंधार, आणि क्षितिजावर त्या फलाटांचे दिवे
होते तितकेच. मी मोजले. सात.
चौदा कोटी काढून घेतले तरी एकही मिणमिणला नाही.
घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, हे मला सुचेना.

बसथांब्यावर मॅग्नस होता.
म्हणाला, 'माझं काय लिहिलंस?'
'मत मांडलं, असं.'
'कुठलं?'

बस येताना दिसली. वाऱ्यात टोपी उडू पाहत होती,
ती त्यानं दाबून धरली, साडेतीन बोटांनी.
'सापडलं,' म्हणाला, 'तर मलाही कळव.'